घरटी एक माणूस

यज्ञेश गुप्ते याची साताऱ्याहून रोह्याला बदली झाली, ही घटना मुळात अतिशय साधी होती. रसायनांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणाऱ्या माणसाला कंपनी पाठवील तिथे जावे लागते, आणि जाताना वरिष्ठांचे आभारही मानावे लागतात. यज्ञेशने ते रीतसर मानले.

गुंतागुंत झाली ती त्याने घेतलेल्या शपथेमुळे. मागच्या बदलीत तो एकटाच गेला होता आणि सुट्टीपुरता घरी येत होता. त्या काळात त्याच्या मुलीने, किमयाने, शाळेत 'माझे कुटुंब' हा निबंध लिहिला. त्यात 'माझे बाबा रविवारी असतात' असे वाक्य होते. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली होती. वाक्य चुकीचे ठरवले असते तर यज्ञेशला एवढे लागले नसते. या वेळी जायचे ते सर्वांनी, घर एकच आणि रोज संध्याकाळी ताटे एकत्र, असे त्याने जाहीर केले.

त्याची पत्नी आसावरी हिची हरकत नव्हती. तिची अट एवढीच होती की समुद्राच्या जिल्ह्यात जाऊन समुद्र दिसणार नसेल, तर साताऱ्याच्या डोंगराने काय घोडे मारले आहे? वडील दामोदरपंत शिक्षण खात्यातून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. तपासणी केल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशालाही चांगले म्हटले नव्हते. लग्नातही त्यांनी मुलीकडच्यांना 'समाधानकारक' असाच शेरा दिला होता. त्यांनी तत्काळ 'कुटुंबस्नेही सागरी वसाहत निवड समिती' स्थापन केली. अध्यक्षपद स्वतःकडे घेतले, मुलगा आणि सून यांना सदस्य केले, आणि किमयाला मताचा अधिकार नसलेले निमंत्रित सदस्यत्व दिले. किनारा, शाळा, दवाखाना, उद्यान, लिफ्ट आणि संस्कार अशा निकषांना गुण ठरले. संध्याकाळी सर्वांनी एकत्र असणे हा निकष यज्ञेशने सुचवला होता. तो मोजता येत नसल्याने अध्यक्षांनी फेटाळला.

समितीने पाहणी दौरा काढला. पेण गाव समितीला आवडले. परंतु गल्लोगल्ली गणपतींच्या मूर्ती वाळत होत्या, आणि इतक्या देवांच्या देखत सासऱ्याशी भांडायचे कसे, अशी रास्त शंका आसावरीने उपस्थित केली. जिते येथे रेल्वे स्थानक होते, हवा होती, शांतता होती. मात्र इतक्या शांततेत मुलीच्या स्पर्धा-परीक्षांची तुलना कोणाच्या मुलीशी करणार? रोह्याला तर कारखानाच होता. पण तिथे वाहते ती कुंडलिका. ती नदी असून समुद्र नाही, असा स्पष्ट अभिप्राय नोंदवून दामोदरपंतांनी किनाऱ्याच्या रकान्यात शून्य लिहिले. कारखान्यापासून चालत येण्याजोगे घर अशा रीतीने नापास झाले.

वडखळच्या नाक्यावर चहा घेताना समितीला प्रविण भेटला. तो खाडीकाठच्या गावातला शेतकऱ्याचा मुलगा; आता जमिनीत भात न लावता गिऱ्हाईक लावत असे. त्याने चौघांना स्वतःच्या गाडीतून 'सागरछाया कुटुंबनगर' या नव्या वसाहतीत नेले. पूर्वी तिथे मिठागर होते. प्रवेशद्वारावर आई, वडील, मुलगा, मुलगी आणि कुत्रा असे पाच जण हसत असलेले प्रचंड चित्र होते. क्लब हाऊससमोर पसरलेल्या वाळूवर रंगीत छत्र्या रोवल्या होत्या. छत्र्यांच्या पुढे कुंपणाची भिंत होती, भिंतीपुढे मातीचा लांबलचक बांध होता आणि बांधापुढे नजर पोचेल तिथवर चिखल होता.

"समुद्र कुठे आहे?" आसावरीने विचारले.

"येतो ना वहिनी," प्रविण म्हणाला. "दिवसातून दोनदा येतो. एस्टी चुकंल, तो नाय चुकायचा. आता जरा बाहेर गेलाय."

दामोदरपंतांनी निकष पुन्हा वाचून पाहिला. तिथे 'किनारा' असे लिहिले होते. समुद्र त्या क्षणी हजर असलाच पाहिजे, असे कुठेही म्हटलेले नव्हते. त्यातच प्रविणने गाडीच्या डिकीतून ताज्या जिताड्याचे पुडके काढून अध्यक्षांच्या हाती ठेवले. खाडीच्या त्या माशाचा दराराच असा की गुप्त्यांच्या घरात त्याच्यापुढे कोणताही निकष टिकत नाही. वसाहत सर्वाधिक गुणांनी उत्तीर्ण झाली.

घर घेतले, सामान लागले, खिडकीतून भरतीच्या वेळी खरोखरच पाणी दिसले आणि आसावरी त्या दिवशी मनापासून खूश झाली. मग यज्ञेश कामावर जाऊ लागला. सकाळची शिफ्ट गाठण्यासाठी किमया उठण्यापूर्वी निघावे लागे. संध्याकाळी महामार्गावरच्या रांगेतून घरी पोचावे तो ती झोपलेली असे. काही आठवड्यांतच त्याची पाठ धरली. शेवटी घरच्यांनीच त्याला रोह्यात सहकाऱ्यांबरोबर खोली घ्यायला लावली. कुटुंब इतक्या उत्तम ठिकाणी होते की कर्त्या पुरुषाला तिथे राहणे परवडत नव्हते.

वसाहतीच्या व्यवस्थापक समितीने या बदलाची तत्परतेने दखल घेतली. फाटकावर नोंदणीचे ॲप होते. सलग मुक्काम नसलेला इसम रहिवासी ठरत नाही, या नियमानुसार यज्ञेशचे नाव आपोआप पाहुण्यांच्या यादीत गेले. कौटुंबिक वातावरण जपण्यासाठी एकट्या पुरुष पाहुण्यांवर काही निर्बंध होते. दर शनिवारी तो फाटकाशी उभा राही, आसावरीच्या फोनवर 'यज्ञेश नावाचे गृहस्थ आले आहेत, प्रवेश द्यावा का' असा संदेश जाई, आणि ती 'हो' दाबेपर्यंत तो त्या हसऱ्या पाच जणांचे चित्र पाहत बसे. एकदा ती 'कुटुंबासाठी वेळ' या विषयावरच्या महिला मेळाव्यात असल्याने तिचा फोन बंद होता. त्या दिवशी त्याने चित्रातल्या कुत्र्याचे दातसुद्धा नीट निरखले.

रविवारची व्यवस्था याहून चोख होती. वडिलांनी मुलांशी संवाद वाढवावा म्हणून वसाहतीने वडिलांसाठी सक्तीचे शिबिर ठेवले होते. त्यात दिवसभर संवाद कसा करावा ते शिकवत. किमया क्लब हाऊसच्या काचेबाहेरून हात हलवी. आत यज्ञेश 'मुलांकडे लक्ष द्या' हे वाक्य वहीत उतरवून घेई.

आणि मग नारळी पौर्णिमा आली. यज्ञेशने जोडून रजा घेतली होती आणि, शिबिर नसल्यामुळे, तो खरोखर घरी होता. त्या दिवशी उधाण मोठे होते. दुपारी बांधाला खांड पडली, म्हणजे बांध एका जागी फुटून खाडीचे खारे पाणी आत शिरू लागले. बांधाच्या आतल्या बाजूला गावाची भातशेती होती, आणि आता ही वसाहतही. अशा वेळी त्या मुलखात एक रीत चालत आली आहे: हाळी झाली की घरटी एक माणूस बांधावर. कोणी कितीही मोठा असो, खांड बुजेपर्यंत चिखलात उभे राहायचे आणि मातीची ढेकळे हातोहात पुढे द्यायची.

रीतीप्रमाणे प्रविणची आई सगुणा वसाहतीच्या फाटकावर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, पदर कमरेला खोचलेला. घरटी एक मानूस काढा, पानी थांबायचा नाय, असे तिने पहारेकऱ्याला सांगितले. त्याने ॲपमध्ये तिची नोंद केली. कारणाच्या रकान्यात 'पाणी' लिहिल्यामुळे तो निरोप टँकरवाल्याकडे गेला.

तरी तिची हाळी घराघरांत पोचलीच, आणि व्यवस्थापक समितीची तातडीची सभा वातानुकूलित सभागृहात भरली. दामोदरपंत यज्ञेशला घेऊन तिला हजर होते. बांध कुंपणाबाहेर असल्याने तो वसाहतीच्या कार्यकक्षेत येत नाही, असे एका सभासदाने निदर्शनास आणले. पाणी कुंपणात आले तर काय, या प्रश्नावर भरतीची ॲपवर पूर्वनोंदणी नसल्याने तिला फाटकातून प्रवेश मिळणार नाही, असा खुलासा झाला. तरीही शेजारधर्म पाळायला हवा, यावर एकमत होते. अडचण एकच होती: रहिवाशांच्या विम्यात चिखल बसत नव्हता. तेव्हा जो रहिवासी नाही, तरीही वसाहतीचा आहे, असा कोणी मिळाला तर सर्व घरांच्या वतीने पाठवता येईल. सर्वांच्या नजरा यज्ञेशकडे वळल्या. दामोदरपंतांनी, ठरावाची भाषा निर्दोष असल्यामुळे, अनुमोदन दिले.

यज्ञेश बांधावर पोचला तेव्हा सगुणेने त्याच्या मागे कोणी आहे का, ते वाकून पाहिले.

"येवढ्या घरांचा येकच मानूस?" ती म्हणाली. "मंग याला ढेकळं कशाला देता? यालाच खांडीत घाला."

रांग हसली आणि तिने यज्ञेशला सामावून घेतले. बाजूच्या माणसाने त्याला पाय कसे रोवायचे ते दाखवले. पहिल्या ढेकळासरशी तो बसला, दुसऱ्याला उभा राहिला. खिडकीतून हे दृश्य किमयाने पाहिले. ती धावत सुटली. तिला अडवायला आसावरी धावली. दोघींना नियमांची आठवण करून द्यायला दामोदरपंत निघाले. बांधावर आल्यावर मात्र कोणाला काही बोलायला सवडच मिळाली नाही, कारण तिथे आलेल्या रिकाम्या हातात ढेकूळ पडतेच.

"गो, वास कसला घेतेस? पुढं दे," सगुणा आसावरीला म्हणाली. मग दामोदरपंतांकडे वळून, "आजोबा, तुमी बारकी घ्या. नायतर तुमाला उचलायला अजून चार मान्सं लागतील."

खांड बुजली. चौघे बांधावर ओळीने बसले. चेहरे ओळखू येत नव्हते आणि समुद्र, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला होता, तो त्यांच्या पायांशी निमूट उभा होता.

किमया म्हणाली, "आज रविवार नाही. तरी बाबा आहेत."

दामोदरपंतांनी चष्मा पुसायला घेतला. चिखलाच्या रुमालाने तो अधिकच माखला.

गोष्ट इथेच संपती तर बरे झाले असते. परंतु वसाहतीतल्या सर्व गॅलऱ्यांतून या प्रसंगाची छायाचित्रे निघाली होती. एका कुटुंबातील तीन पिढ्या चिखलात हसताहेत, हे पाहून व्यवस्थापक समितीला गहिवर आला. पुढच्या पौर्णिमेला प्रविणच्या सहकार्याने 'कौटुंबिक बांधोत्सव' जाहीर झाला. लांबलांबून गाड्या आल्या. पाहुण्यांना ढेकळे आणि मोजे देण्यात आले. पण घात झाला. गावाने बांध इतका पक्का बुजवला होता की त्याला कुठे चीरसुद्धा गेली नाही. जाहिरातीत दाखवलेली खांड प्रत्यक्षात उपलब्ध नाही, अशा लेखी तक्रारी आल्या. मुले रडली.

प्रविण आईकडे गेला. दर पौर्णिमेला एखादी लहानशी खांड पाडून मिळेल का, अशी चाचपणी त्याने केली. सगुणेने आधी त्याच्या शिक्षणाचा उद्धार केला. मग तिने थोडा विचार केला.

"पार," ती म्हणाली, म्हणजे पाड. "पन आमच्या शेताच्या अंगाला नको. त्यांच्या फाटकासमोर पार. त्यांना दर्या पायजे ना दारात?"

तेव्हापासून दर पौर्णिमेला समुद्र ठरल्या वेळी वसाहतीच्या वाहनतळात येतो. पाहुणे खांड बुजवतात, समूहछायाचित्र काढतात आणि ओल्या मोज्यांनी जेवायला जातात. समुद्र दारात आल्यामुळे वसाहतीला किनाऱ्याचे पैकीच्या पैकी गुण मिळाले. ॲपवर भरतीची पूर्वनोंदणी होते; तिला पाहुण्यांच्या यादीत यज्ञेशच्या शेजारची जागा मिळाली होती.

होती म्हणायचे, कारण गुप्ते कुटुंब आता तिथे राहत नाही. नारळी पौर्णिमेनंतर निवड समितीची एक बैठक झाली. निमंत्रित सदस्याने मताचा अधिकार मागितला आणि आईने स्वतःचा तिला देऊन टाकला. रोह्यात नदीकडे तोंड असलेला एक जुना मजला भाड्याने मिळाला. तिथे लिफ्ट नाही, क्लब हाऊस नाही, आणि संस्कारांसाठी कोणी वेगळा कर्मचारी नेमलेला नाही. निकषांत तो सपशेल नापास होता. दामोदरपंतांनी सेवाकाळात कधी न वापरलेला 'विशेष बाब म्हणून उत्तीर्ण' हा शेरा त्यावर लिहिला. संध्याकाळी शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला की किमया जिन्यात येऊन बसते आणि भात मंद आचेवर ठेवला जातो. बांधोत्सवाला चौघे रीतसर जातात. फाटकावरचे ॲप आता चौघांनाही पाहुणे म्हणून ओळखते, आणि आत एकत्र सोडते.

सागरछायेतले घर यज्ञेशने भाड्याने द्यायला काढले आहे. 'कुटुंबस्नेही, समुद्र दारात' एवढीच जाहिरात, आणि तिच्यातला एकही शब्द खोटा नाही. फोन थांबत नाहीत. लिफ्टला बॅकअप आहे का, शाळा कोणत्या बोर्डाची, खांडीच्या दिवशी रहिवाशांना वेगळी रांग असते का, अशी सर्व चौकशी होते. यज्ञेशही प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो: तुमच्या घरातली माणसे संध्याकाळी घरी किती वाजता येतात? यावर पलीकडून पार्किंगविषयी विचारणा होते.

काल दुपारीही एक फोन आला. आवाज मोठा सुसंस्कृत होता. अशा कथा वाचून दुसऱ्यांना हसणाऱ्या माणसाचा असतो, तसा. यज्ञेशचा प्रश्न त्याने शांतपणे ऐकून घेतला. मग, आपण आत्ता ऑफिसातच आहोत आणि घरी जायला उशीर होईल, असे सांगून त्याने विचारले की पार्किंग भरतीच्या पाण्यापासून झाकलेले आहे ना.