सायमनमामांची ड्युटी

"रशीदभाई, तुमचं तोंड सकाळी सकाळी मला बघवत न्हाई. पण आजपासनं मी तुमच्यावर प्रेम करणार हाय. तयारीत ऱ्हावा!"

एका रविवारी चर्चमधून परतल्यावर सायमनमामांनी कुंपणापाशी उभं राहून हे जाहीर केलं, तेव्हा दौंडमधली आमची सगळी गल्ली दारात आली. मामा रेल्वेतले रिटायर्ड गार्ड. साध्या गप्पाही इंजिनापर्यंत ऐकू जातील अशा आवाजात मारायचे.

रशीदभाईंचं घर मामांच्या घराला लागून. अंगणातच लोखंडी गेटं, खिडक्या बनवायचा धंदा. मामा प्रार्थनेला बसले की नेमका पलीकडे ग्राइंडर सुरू व्हायचा. त्यावरून दोघांची कायम जुंपलेली.

"मामा, असं एकदम काय झालं?" मी विचारलं.

"देवाचं म्हणणं दोनच हाय. त्याला जीव लावा आन् शेजाऱ्याला जीव लावा. पहिलं मी करतो. दुसऱ्याबद्दल बोलताना चर्चमधलं पाळकसाहेब आज माझ्याकडंच बघत हुते."

"पण तुम्हाला ते आवडतच नाहीत."

"आवडायचा काय संबंध? गाडीतलं समदं पॅसेंजर मला आवडत हुतं का? न्हेलं ना सुखरूप?"

प्रेम सुरू झालं. मामा रोज रशीदभाईंचं अंगण झाडू लागले आणि त्यांचे खिळे-स्क्रू कचऱ्यात जाऊ लागले.

"मामा, हात जोडतो, भांडा माझ्याशी," रशीदभाई म्हणायचे. "तवा बरं हुतं."

मामा हटले नाहीत.

मग पाटसला एका शेडचे पत्रे बसवताना रशीदभाई शिडीवरून पडले. मांडीपर्यंत प्लास्टर. मुली लहान, बायको एकटी. मामांनी ड्युटी वाढवली. रशीदभाईंना धरून संडासला नेणं, अंघोळ घालणं, दाढी करणं. आणि वस्तरा गळ्यावर असताना समोरच्याला बोलता येत नाही, हे साधून मागचा सगळा राग काढणं.

पहिल्या शुक्रवारी नमाज चुकणार म्हणून रशीदभाई भिंतीकडे तोंड करून पडले होते. मामांनी भाजीवाल्याची हातगाडी मागून आणली, तिच्यावर स्वतःची गादी टाकली आणि त्यांना ढकलत मशिदीपर्यंत नेलं. चारजणांनी उचलून आत घेतलं. मामा बाहेर लिंबाखाली रशीदभाईंची एक चप्पल सांभाळत बसले.

"मामा, तुम्ही इथं?" मी सायकल थांबवून विचारलं.

"हळू बोला," मामा मला म्हणाले. मामा! "त्यांचं देवाशी बोलणं चाललंय."

मग दर शुक्रवारी ते ठरूनच गेलं. जाताना भांडण, येताना चहा. मार्थामामी वारल्यापासून मामा घराबाहेर चहा प्यायला थांबल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

प्लास्टर काढायलाही मामाच बरोबर गेले. डॉक्टरांना म्हणाले, "घाई कशापायी? ऱ्हाऊ द्या की अजून थोडं दिवस."

त्यानंतरच्या शुक्रवारी मामा हातगाडीच्या चाकांना तेल देऊन, गादी झटकून रशीदभाईंच्या दारात उभे होते. रशीदभाई बाहेर आले ते पांढरा कुर्ता घालून, आपल्या पायांनी. फारसे लंगडतही नव्हते.

"चालताय की चांगलं," मामा म्हणाले. त्यांचं बोलणं मला पहिल्यांदाच नीट ऐकू आलं नाही. ते गादी गुंडाळायला लागले.

रशीदभाई पायरीवर थांबले. मामांच्या पाठीकडे बघत राहिले. मग गुडघा धरून मोठ्यानं कण्हले.

"मामा, लई ठणकतोय हो. मशिदीपर्यंत जमंल असं वाटत न्हाई."

"मग चालला कशाला? अक्कल हाय का?" मामा गल्लीभर ओरडले आणि घाईघाईनं गादी पसरू लागले. "बसा वर!"