मीठ कुठून बसलं?

वानखडेकाका आमच्याकडे आले की थेट आत शिरतात, एखादी वस्तू उचलतात आणि तिलाच विचारतात, "बोला, कुठून बसले?" उभी हयात अमरावती-धारणी एसटीवर कंडक्टरकी केलेला माणूस. त्यांना प्रवासी काय आणि मिठाची बरणी काय, सारखंच. उत्तरही स्वतःच देतात, आणि ते हमखास चुकीचं असतं.

"पावडरीचा डबा? चुन्यापासून होते पावडर. अन् पेन्सिलीत शिसं राह्यते."

मी शाळेत विज्ञान शिकवलेली बाई. चुकीचं ऐकलं की माझं डोकं उठतं. "काका, पावडर संगजिऱ्याची होते. सगळ्यांत मऊ खनिज, नखानंही ओरखडा पडतो. आणि पेन्सिलीत शिसं नसतं, ग्राफाइट असतं!" मी जितकी तापते, तितका हा माणूस खुलतो. "चिडल्या ताई! जमलं," म्हणत निघून जातात. गल्लीनं त्यांना 'खनिजमंत्री' करून टाकलंय.

गंमत म्हणजे त्यांची बायको, शालिनीताई, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. मेळघाटातून पिशवीभर दगड घेऊन त्या ह्यांच्याच बसमध्ये चढल्या होत्या आणि ह्यांनी लगेजचं तिकीट मागितलं. "दगडाचं तिकीट?" "वजन ते वजन, मॅडम." ते भांडण परतवाड्यापर्यंत पुरलं आणि पुढं लग्नापर्यंत गेलं. इतकी वर्षं अशा बाईबरोबर राहून या गृहस्थाला मिठाचा पत्ता नसावा, याचा मला मनापासून राग यायचा.

माझा हात मोडला होता, तेव्हा तर कहर झाला. प्लास्टर कापताना काका दवाखान्यात हजर. "फेकू नका, मले द्या." तो मळका तुकडा त्यांनी प्रसादासारखा रुमालात बांधून नेला.

शालिनीताईंचं बाहेर येणं बंद झालं होतं. विसरतात, एवढं ऐकून होते. एका संध्याकाळी त्यांच्याकडचा डबा परत द्यायला गेले. ताई पलंगावर गप्प बसलेल्या. समोर स्टुलावर काका, हातात जुन्या इस्त्रीतला चकचकीत पापुद्रा.

"मॅडम, हे प्लास्टिक हाये."

मी तोंड उघडलं. काकांनी माझा हात घट्ट दाबला. "तुमी नका सांगू. तिले सांगू द्या."

ताईंची मान वर आली. "प्लास्टिक? अभ्रक आहे ते! तापत्या इस्त्रीत प्लास्टिक टिकेल का? नखानं पापुद्रे सोडवून बघ." आवाज थेट वर्गातला.

दारात काका हळूच म्हणाले, "बरोबर बोललो तं ती गुमसुम बसते, ताई. चुकलो का उठते. तुमच्यावर चूक आजमावून पाहतो. तुमी चिडल्या का ती चूक घरी आणतो." मग चप्पल शोधत असल्यासारखे खाली वाकले. "माझं नाव गेलं तिच्या डोक्यातून. अभ्रक हाये अजून."

त्यानंतर मी मुद्दाम जास्त चिडू लागले. तेवढंच माझ्या हातात होतं.

परवा त्यांनी माझ्या प्लास्टरचा तुकडा काढला. मीही तिथंच होते. "मॅडम, हा संगमरवर हाये."

ताई बघत राहिल्या. काकांनी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. पंखा फिरत होता. काकांच्या कपाळावर घाम आला होता. मले-तुले करत अख्खी बस दणाणून सोडणारा हा माणूस आता एका शब्दासाठी अडून बसला होता.

ताईंनी तुकडा हातात घेतला. नखानं खरवडला. बोटावरची पांढरी भुकटी न्याहाळली.

"जिप्सम. प्लास्टर यापासूनच करतात," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "हा विद्यार्थी कोणाचा हो? केस पांढरे झाले, अजून एक पाठ होत नाही."

मी काकांकडे पाहिलं. ताईंनाच या विद्यार्थ्याची कीव आली असावी. काकांचा खांदा थोपटून म्हणाल्या, "घाबरू नकोस. उद्या ये, परत सांगेन."

काका उठून उभे राहिले. "येतो, मॅडम."

मला सोडायला ते फाटकापर्यंत आले. डोळे वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं. "ऐकलं ना ताई," म्हणाले, "उद्याही बोलावलं तिनं मले."