एका खुर्चीची खोली

नव्या घरातली मागची खोली फक्त संगीत ऐकण्यासाठी असेल, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं. त्या दातांच्या डॉक्टर. दिवसभर कानाशी ड्रिलची किरकिर आणि पेशंटचं विव्हळणं. घरी आल्यावर तासभर नुसतं व्हायोलिन ऐकावं, एवढीच त्यांची मागणी होती.

"नुसतं ऐकायला अख्खी खोली?" सासूबाई म्हणाल्या. "मग गाद्या कुठे ठेवायच्या?"

"माझं ऑफिसचं टेबल?" नवऱ्याने विचारलं.

"बाहेर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोघांनाही एकच उत्तर.

मग खोल्या ध्वनिरोधक करून देणारा कारागीर आला. "बाहेरचा आवाज आत नको, की आतला बाहेर नको?"

"दोन्ही नको."

तिथेच घोळ झाला. भिंतींवर आतून जाड थर चढले, खिडकी बुजली, दाराला आणखी एक दार आलं, फटींना रबर लागलं. स्पीकर बसले, रेकॉर्ड-प्लेअर बसला, आणि खोली चारी बाजूंनी इतकी आत सरकली की मोठ्या हौसेने आणलेला सोफा दारातूनच परत गेला. शेवटी एक खुर्ची कशीबशी मावली.

काम पुरं झालं तेव्हा परीक्षा म्हणून सासूबाईंना आत उभं केलं, दोन्ही दारं लावली आणि त्यांना आतून मुलाच्या नावाने जोरात हाक मारायला सांगितलं. बाहेर सगळे कान टवकारून थांबले. थोड्या वेळाने दार उघडलं तर सासूबाई लालबुंद.

"ओरडून ओरडून जीव गेला माझा! ऐकू येत नाही?"

"कसं येईल, आजी?" कारागिराची छाती फुगली. "आत कुणी कुणाचा गळा धरला तरी बाहेर पत्ता लागायचा नाही."

सासूबाईंनी वळून खोलीकडे पाहिलं आणि भिंतीवरून हलकेच हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई नवीकोरी रेकॉर्ड घेऊन घाईघाईने घरी आल्या. खोलीचं दार उघडलं, तर खुर्चीत सासूबाई, कानाला फोन. पलीकडे नणंद.

"...आणि तुझी वहिनी म्हणजे तर अगदी..." सासूबाईंची नजर वर गेली. "अगदी राबते गं बिचारी. ठेवते हं फोन."

तिसऱ्या दिवशी खुर्चीत सासरे घोरत होते. डॉक्टरीणबाईंनी हलवून जागं केलं.

"बाबा, इथे का झोपलात?"

"तुझ्या सासूने पाठवलं. म्हणाली, घोरायचंच असेल तर तिथे जाऊन घोरा, कुणाला त्रास नाही."

"मला आहे ना!"

"तुला कशाला? तू तर बाहेर असतेस," असं म्हणून त्यांनी पुन्हा डोळे मिटले.

त्यानंतरच्या दिवशी नवरा आत उभा राहून खुर्चीवर तावातावाने बोट रोखत होता. "तुम्ही समजता काय स्वतःला? मी काय तुमचा गुलाम आहे?"

"कोणाशी बोलतोयस?"

"साहेबांशी."

"फोन कुठाय मग?"

"फोनवर बोलायची हिंमत असती तर इथे कशाला आलो असतो?"

डॉक्टरीणबाईंनी दातओठ खाल्ले. रविवारी मात्र त्यांनी सकाळीच रेकॉर्ड काखेत मारली आणि खोलीकडे निघाल्या. दाराबाहेर सासूबाई पाण्याचे दोन पेले घेऊन उभ्या.

"जरा थांब हं. शेजारचे नवरा-बायको आत आहेत."

"आत? कशाला?"

"भांडायला. घरात मुलं असतात, मोकळेपणाने भांडता येत नाही म्हणाली. मीच म्हटलं, ये की."

दार उघडलं. शेजारीण पदर सावरत प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आली, तिच्यामागून मान खाली घातलेला नवरा. "छान आहे हो खोली!" ती म्हणाली. "यांचं निम्मं राहिलंय बोलायचं. उद्या येतो."

शेजारी दाराबाहेर पडतात न पडतात तोच डॉक्टरीणबाईंचा बांध फुटला. "हे घर आहे की धर्मशाळा? माझी खोली, माझी खुर्ची, आणि मलाच..."

"हळू, हळू!" नवरा कळवळला. "अख्खी इमारत ऐकेल. आत जाऊन बोल ना!"

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्याच्याकडे बघितलं, आत गेल्या आणि दोन्ही दारं धाडकन लावून घेतली.

बाहेर तिघं उभे. सासऱ्यांनी दाराला कान लावला. चिडीचूप.

"लावली वाटतं रेकॉर्ड," नवरा सुटकेचा निःश्वास टाकून म्हणाला.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. डॉक्टरीणबाईंचे केस विस्कटलेले, पण चेहरा इतका शांत, की तसा कित्येक महिन्यांत कुणी पाहिला नव्हता. रेकॉर्ड काखेतच होती. वरचा कागदसुद्धा फाडलेला नव्हता.

"कसा लागला आवाज?" नवऱ्याने भीत भीत विचारलं.

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. घसा पार बसला होता.

सासूबाईंनी पाण्याचा पेला सुनेच्या हातात दिला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"पी. पहिल्या दिवशी माझाही असाच बसला होता. होते सवय."