यंदाच देणार!

"सीईटी मी यंदाच देणार, आणि चार लोकांना सांगून देणार." मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचे फॉर्म निघाले त्याच दिवशी रुचिताने जेवता जेवता जाहीर केलं. अभ्यास झालाय, डॉक्टर व्हायचंय, मग थांबायचं कशाला?

बाबांना, म्हणजे जितेंद्र परुळेकरांना, हे पटेना. त्यांच्या ऑफिसातल्या प्रत्येकाच्या मुलाने एक वर्ष ड्रॉप घेतला होता. "पुढच्या वर्षी दे. यंदा नंबर लागला नाही, तर पूनम सागर सोसायटीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही," ते म्हणाले.

तीन दिवस घरात नुसती धुसफूस. शेवटी आईने, मृणालिनीबाईंनी, तोड काढली. परीक्षा यंदाच द्यायची, पण बाहेर मात्र ड्रॉप घेतलाय म्हणून सांगायचं. फॉर्म भरू देतायत ना, म्हणून रुचिताने हा अपमान गिळला.

पण परीक्षेच्या दिवशी मायलेकी सकाळी सकाळी निघाल्या कुठे, हे बिल्डिंग विचारणारच. मृणालिनीबाईंनी एक लग्न तयार केलं. तेही भाईंदरपलीकडच्या डोंगरी गावाला, कारण तिकडे बिल्डिंगमधलं कोणी फिरकत नसे. थाप शोभावी म्हणून रुचिताला जरीचा ड्रेस, गडद लिपस्टिक आणि हातभर गजरा. हॉलतिकीट आहेराच्या पाकिटात गेलं.

रिक्षात बसतात तोच गेटवर हौसाबाई कोळीण. मासे संपले होते, पाटी रिकामी होती.

"नटून कुटं निगालाव?"

"डोंगरीला. लग्न आहे," मृणालिनीबाई बोलून गेल्या, आणि मग त्यांना आठवलं की हौसाबाई डोंगरीचीच.

"माज्या गावान लगीन, आन मना ठाव न्हाय?" हौसाबाई पाटीसकट रिक्षात शिरली. "चलो भैया, डोंगरी. कुनाचं लगीन?"

"लांबचे आहेत. मुलगा दुबईला असतो."

"दुबईला? आमचे गावशी दुबईला कोन न्हाय गेला." हौसाबाईने बसल्या जागी गावातल्या घराघराची झडती घेतली. मृणालिनीबाईंना घाम फुटला, पण त्या माघार घेईनात. भाईंदरला परीक्षेची शाळा आली. गेटवर मुलांची रांग होती. मृणालिनीबाई मुद्दाम दुसरीकडे बघत राहिल्या आणि शाळा मागे पडली.

"भैया, रोको!" रुचिता ओरडली. "मावशी, लग्नबिग्न काही नाही. माझी आज सीईटी आहे. मी ती यंदाच देतेय. नापास झाले तर झाले, ज्याला हसायचंय त्याने हसावं."

हौसाबाई मृणालिनीबाईंकडे वळली. "पोर डाक्टर व्हाया निगाली, आन तुमी ती लपिवताव? चोरी केलीय का तिनं?" मग ड्रायव्हरला म्हणाली, "वापस घुमाव!"

गेटवर नवीन पंचाईत. सुपरवायझर हॉलतिकिटावरच्या फोटोतल्या दोन वेण्यांकडे बघे आणि समोरच्या नवरीसारख्या मुलीकडे बघे. "ही ती नव्हे," तो म्हणाला. हौसाबाईने गजरा उपटला, पदर नळाखाली धरला आणि रुचिताचं तोंड खसाखसा पुसून काढलं. चेहरा पटला. पेपर रुचिताने बोंबलाच्या वासात दिला. पुढच्या बाकावरचा मुलगा तीन तास रुमाल नाकाला लावून बसला होता.

दुसऱ्या दिवशी हौसाबाईने माशांबरोबर ही बातमीही दारोदार पोचवली. निकाल लागला तेव्हा अख्खी बिल्डिंग मार्क विचारायला हजर. रुचिताची सीट सहा मार्कांनी गेली. बाबा खिडक्या लावून बसले. आई म्हणाली, "पुढच्या वर्षी तरी कोणाला कळू देऊ नकोस."

रुचिताला रडू आलं होतं. ती मनसोक्त रडली, मग खाली गेली आणि सोसायटीच्या फळ्यावर खडूने लिहिलं: 'रुचिता परुळेकर, ३०२. यंदा सहा मार्क कमी पडले. पुढच्या मे महिन्यात पुन्हा देणार.'

संध्याकाळी त्याखाली सेक्रेटरींनी लाल खडूने लिहिलं: 'परवानगीशिवाय फळ्यावर लिहू नये.'

सकाळी त्याखाली आणखी एक ओळ होती: 'परवानगी मागितलेली नाही. ३०२.'