दारफळणीला दार गेलं

रहमिम पेणकरांनी रजेच्या अर्जात ‘सण’ हा शब्द लिहिला नाही आणि तिथंच सगळं फिसकटलं.

मागच्या खेपेला लिहिला होता. तेव्हा कारखान्यातले कारकून सोपानराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले होते, “पेणकर, पंचांगात तर काही दिसत नाही. हा कुठला सण काढलात?” मग आपण बेने इस्राएल, म्हणजे यहुदी, बापजाद्यांपासून कोकणात तेलाचे घाणे चालवणारे, हे सांगता सांगता जेवणाची सुट्टी संपली आणि डबा तसाच राहिला. म्हणून यंदा त्यांनी मोजकंच लिहिलं : ‘घरी दारफळणी व शिळा असल्याने बुधवार-गुरुवारची रजा मिळावी.’ सोपानरावांनी मुकाट्याने सही केली. पेणकरांना वाटलं, सुटलो!

दारफळणी हा त्यांचा वर्षाचा मोठा उपास. एका सूर्यास्तापासून दुसऱ्या सूर्यास्तापर्यंत अन्न नाही, पाणी नाही, चूल नाही. पांढरे कपडे घालून देवाकडे वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. दुसऱ्या दिवशी लोकांना भेटायचं, तो शिळा सण. पुण्यातले त्यांचे लोक त्या दिवशी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जमत, पण पेणकरांची आई मलकाबाई जुन्या रिवाजाची. दारफळणीला दार लावून घ्यायचं, ते उघडायचं नाही आणि परक्याशी चकार शब्द बोलायचा नाही, हा तिचा दंडक.

मलकाबाई पिंपरीला, कारखान्याच्या चाळीत, पहिल्यांदाच राहायला आली होती, पण पत्र्याची ट्रंक तिने अजून उघडली नव्हती. “तुझ्याकडं दारफळणी धड झाली तर राहीन,” तिने बजावलं होतं, “नायतर गुरुवारच्या एस.टी.नं मी पेणला.” पेणला आता तिचं कुणीच उरलं नव्हतं. विहिरीवर पाय घसरला तर हाक कुणाला मारणार, या विचाराने पेणकरांचा जीव टांगणीला लागला होता.

बुधवारी सकाळी दहाला दार धडधडलं.

“अवो पेणकर! कारखान्याचा सुतार हाय मी, कोंडाजी. दार उघडा, फळ्या बदलायच्या हायेत!”

फळ्या? पेणकरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दारफळणी! सोपानरावांनी ते ‘दाराच्या फळ्या’ असं वाचलं होतं. गळक्या छपराचा अर्ज दोन वर्षं धूळ खात पडला होता, आणि न मागितलेला सुतार मात्र वेळेवर हजर!

ते उठले. मलकाबाईने ओठांवर बोट ठेवलं. ते बसले. बायको शेगुलाबाईने डोळे गच्च मिटून घेतले. बोलायचं नाही, पण खोकायला काय हरकत आहे, असा विचार करून पेणकर खोकले.

“आत माणूस हाय!” कोंडाजी ओरडला.

शेजारच्या कौशल्याबाईंनी खिडकीच्या फटीला डोळा लावला. “अगं बया! तिघं बी पांढऱ्या कपड्यात गुमान बसलेत की ओ! कालपासून चुलीचा धूर बी न्हाई.”

“मग दार का उघडत नाहीत?” त्यांचे यजमान दौलतराव म्हणाले.

“उघडतच नसंल! म्हणून तर सुतार बोलावला. आवाज बी निघंना बिचाऱ्यांचा, तहानेनं घसा सुकला असंल!”

यापुढे कुणाला काही विचारायची गरजच उरली नाही. कोंडाजीने पहार घातली, दौलतरावांनी खांदा लावला, आणि दार बिजागऱ्यांसकट उपटून आलं. कोंडाजीने ते डोक्यावर घेतलं. “नव्या फळ्या लावून आणतो,” म्हणत तो गेलाही. कौशल्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन आत धावल्या आणि त्यांनी तो थेट मलकाबाईच्या तोंडाशी नेला.

मलकाबाईने तोंड फिरवलं. दाराच्या जागी आता अख्खी चाळ उभी होती. तिने पायाने ट्रंक जवळ ओढली. पेणकरांना ते पाहवेना.

जन्मभर माफी मागावी लागली तरी चालेल, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं. उपास, बंद दार, अर्ज, पेणची एस.टी., सगळं सांगितलं आणि सांगता सांगता ते चक्क रडले.

कौशल्याबाईंनी तांब्या मागे घेतला. “आधी सांगायचं न्हाई का, भाऊजी? आमी काय निर्जळी बघितली न्हाई?” मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “दार आपण काढलं. आता बसा दारात.”

दौलतराव चांगले भरलेले गृहस्थ होते. घराकडे पाठ करून ते उंबऱ्यापाशी जमिनीवर बसले, तशी अर्धी चौकट बुजली. उरलेल्या अर्ध्या चौकटीवर कौशल्याबाईंनी जाड चवाळं टांगलं.

“पेणकर हायेत का?” कुणीतरी विचारलं.

“दार बंद आहे,” दौलतराव म्हणाले.

दुपारी कौशल्याबाईंनी पिठलं-भाकरी आणली, तर ते डाफरले, “आत तिघं उपाशी आहेत. दारानं कधी भाकरी खाल्लीय का?” दुसऱ्या पाळीला त्यांनी खाडा केला. पाय बधिर झाले, मुंग्या चावल्या, पण दार हललं नाही.

सूर्य बुडाला. आतून मलकाबाईचा आवाज आला, “दारा, उघड आता.” दौलतरावांना उठवायला दोन माणसं लागली.

तरी सकाळी ट्रंक उंबऱ्यावर होती. “दार नाय त्या घरात कसं राहू?” मलकाबाई म्हणाली. एस.टी. नऊची. पेणकरांनी हताश होऊन टोपी घातली.

तेवढ्यात बैलगाडी येऊन थांबली. गाडीत चार माणसं आणि पुरुषभर लांबीचा घडीव दगड.

“पेणकर कोण?” गाडीवान म्हणाला. “सोपानरावांनी धाडलंय. अर्जात दोन जिनसा व्हत्या म्हणं. दाराच्या फळ्या, अन् एक शिळा.”

पेणकर कपाळाला हात लावून मटकन खाली बसले. हा दगड परत करायचा तर आणखी एक अर्ज!

मलकाबाईने त्यांच्याकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं, आणि पिंपरीत आल्यापासून पहिल्यांदा ती हसली. हसता हसता तिला ठसका लागला.

“टाका इथंच, दाराशी,” ती गाडीवानाला म्हणाली. “तो दौलतराव काल दिवसभर भुईवर बसला. पुढच्या दारफळणीला त्याला बसायला होईल.”

“पुढच्या?” पेणकरांनी विचारलं.

“ट्रंक आत ने,” मलकाबाई म्हणाली आणि दगडावर ऐसपैस बसली.

दार यायला दिवाळी उजाडली. तोवर त्याची कुणी चौकशीही केली नव्हती.