शेंदराचे वैरी दत्तराव

आमचे शेजारी दत्तराव माणसाला 'अरे' म्हणतात आणि दगडाला 'अहो'. सरपंच समोरून आला तर "काय रे, कुठं निघाला?" आणि ओढ्याकाठच्या जुन्या वीरगळीपाशी गेले की टोपी काढून "काय म्हणता, बरं हाय ना?" नव्या माणसाला वाटतं, ह्यांचं डोकं फिरलंय. जुन्यांना त्याबद्दल शंकाच नाही.

आमचं गाव हिंगोलीकडचं, जवळा बाजारच्या वाटेवर. गावात हेमाडपंती महादेवाचं देऊळ, आणि ओढ्याच्या उताराला ही वीरगळ. लढाईत पडलेल्या कुण्या वीराचा कोरीव दगड. खाली गाई, वर तलवार उपसलेला गडी, आणि त्याच्या मागे रिकाम्या हातांनी उभी असलेली एक बाई. दत्तरावांचा सगळा जीव त्या बाईत. "लढाई पेटली हाय, गडी मरून राहिला, अन् ही पळाली न्हाई. तोंड बघ तिचं. भ्याली हाय का? सांग ना, भ्याली हाय का?" आपण 'न्हाई' म्हणेपर्यंत ते सोडत नाहीत.

दत्तराव एकटे. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर अंगावर येतात. थोडं कोरडवाहू शेत, आपल्या हातच्या भाकरी आणि संध्याकाळी ओढ्यावर जाऊन बसणं, एवढाच त्यांचा संसार.

बाकी दिवसभर भांडण. एकदा गावाने देवळाचं सुशोभीकरण काढलं. म्हणजे काय, तर कोरीव खांबांना गुलाबी ऑइलपेंट आणि वरच्या यक्षांना आकाशी. दत्तराव रंगाऱ्याच्या शिडीवरच जाऊन बसले. "हे बराबर हाय का? तुझ्या आज्याच्या तोंडाला कुणी गुलाबी रंग फासला त चालंल का तुला?" रंगाऱ्याने शांतपणे दुसरी शिडी आणली. तेव्हापासून दत्तराव डोळे मिटून प्रदक्षिणा घालतात, मधेच एखाद्या खांबावर आपटतात आणि त्याचीच माफी मागतात.

पण खरं वैर शेंदराशी. आमच्याकडे जुना दगड दिसला की त्याला शेंदूर फासलाच म्हणून समजा. आज बोटभर, पुढच्या अमावस्येला वाटीभर, आणि काही वर्षांत नाक-डोळे बुजून नुसता नारिंगी गोळा. ज्यानं कुणी ते नाक-डोळे घडवले, त्याच्या मेहनतीवर आपण भक्तिभावाने लिंपण करतो आणि वर हात जोडतो! वीरगळीपाशी कुणी पुडी घेऊन फिरकलं की दत्तराव काठी घेऊन धावायचे. "पूजा घरी कर! हितं बघायचं असतंय. आधी बघायला शिक!"

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास शहरातून एक जाणकार जीपने आले. वीरगळ पाहिली, "लोकसहभाग वाढवा" म्हणाले, चहा प्याले आणि गेले. दत्तराव भोळे. त्यांनी देवळापुढे सभा ठेवली, दवंडी दिली, सतरंजी स्वतः अंथरली. त्या सतरंजीवर ते, मी आणि एक कुत्रं.

"लोक कुठं हायत, भाऊ? का मी एकटाच लोक हाय?"

मला हसू आलं नाही, चीड आली. त्याच वेळी पारावर पत्त्यांचा डाव रंगला होता आणि तिथे बसायला जागा नव्हती.

पुढे रस्ता रुंद करायचं निघालं. ओढ्यावरच्या पुलाच्या भरावात आजूबाजूचे दगड लोटायचे ठरले, त्यात वीरगळही. दत्तराव घरोघर हिंडले. "उद्या या. काई करू नका, नुसतं उभं राहा." "दगडच त हाय मामा, जाऊ द्या," हेच उत्तर सगळीकडे. ठेकेदार तर तोंडावर हसला.

सकाळी जेसीबी आली तेव्हा वीरगळ वरपासून खालपर्यंत शेंदराने माखलेली होती. पुढे नारळ, हळद-कुंकू, अगरबत्ती. ऑपरेटरने मशीन बंद केलं, खाली उतरून चपला काढल्या. घटकाभरात अख्खं गाव लोटलं. बायका ओटीचं सामान घेऊन, गडी टाळ घेऊन. "देवी निघाली! आमच्या देवीला हात त लावून बघा!" सरपंच सगळ्यांत पुढे. कालपर्यंत 'दगडच त हाय' म्हणणारी हीच ती तोंडं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठेकेदाराने मुकाट्याने रस्ता बाजूला सरकवला.

दत्तराव गर्दीच्या मागे होते, हात धोतराच्या सोग्यात लपवून. बोटं नारिंगी झालेली मला दिसली.

आता तिथे पत्र्याचं छत आहे, घंटा आहे, फरशी आहे. सभेला न आलेल्यांनी श्रमदान करून ओटा बांधला. दर अमावस्येला नवा थर चढतो. गाई बुजल्या, गडी बुजला, मागची बाईही बुजली.

एका दुपारी मला राहवलं नाही. तिथे दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, "दत्तराव, हा थर निघतो म्हणतात. हळूच काढून टाकू."

ते समोर उकिडवे बसले होते. आवाज कधी नव्हे तो खाली आला होता.

"नको, भाऊ. काढला की तो परत दगड झाला. अन् दगड काय, उद्या कोन्या बी भरावात जाईल. राहू दे. देवी हाय तवर जपतील तिला."

त्यांनी शेंदरावर एका जागी बोट टेकवलं. अगदी हलकेच.

"फकत, मला आता तिचं तोंड दिसत न्हाई."