टाइल्सच्या दुकानातलं रेडिओ केंद्र

घरातल्या सगळ्या गाद्या उचलून नेऊन रेडिओच्या खोलीच्या भिंतींना ठोकल्या गेल्या, तेव्हा कुठे बाईंच्या नवऱ्याची खात्री पटली, की हे रेडिओचं खूळ आता काही उतरत नाही. बाई म्हणजे प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. या खुळात त्यांचे दोन बालमित्र सामील होते: दवाखान्यातला कंपाउंडर आणि कारखान्यातला वायरमन. आपल्या आसपास इतकी माणसं गातात, वाजवतात, पण त्यांना ऐकतं कोण? तर आपण ऐकवायचं. रीतसर परवाना मिळाला, गच्चीवर अँटेना चढली आणि तिघांचेही पाय जमिनीवर ठरेनात.

अडचण एकच होती. खोली. ती बाईंच्या दादांची, त्यांच्या टाइल्सच्या दुकानामागची. दादांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिला कार्यक्रम करा. लोक ऐकतायत असं दिसलं तर खोली तुमची. नाहीतर सोमवारपासून तिथे बाथरूमच्या टाइल्स." दुसरी फुकट खोली शोधून तिघांच्या चपला झिजल्या होत्या. म्हणजे आज जमलं तर जमलं.

वायरमनने माईकसाठी एक बटण आणि दोन दिवे बसवले होते, एक लाल आणि एक हिरवा. "खोलीत रेडिओ आणायचा नाही," त्याने दम दिला. "माईकसमोर रेडिओ लावला की किंचाळतो. मोबाइल दादांच्या गल्ल्यावर. दार आतून बंद. मी गच्चीवर अँटेनापाशी थांबतो."

"आणि लोकांचे फोन आले तर?" कंपाउंडरने विचारलं.

"येऊ तर देत!" असं म्हणून वायरमन जिना चढला. दिव्यांबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. त्यात काय सांगायचं? त्याच्या कारखान्यात यंत्र चालू असलं की हिरवा दिवा, बंद असलं की लाल. उभा जन्म त्याने असेच दिवे लावले होते. बाई आणि कंपाउंडर मात्र कधी कारखान्यात गेले नव्हते. लाल म्हणजे सावधान, माईक चालू, हे त्यांना न सांगताच समजलं. इथेच सगळा घोळ झाला.

लाल दिवा लागला. कंपाउंडरने घसा खाकरला आणि आठवडाभर घोकलेलं निवेदन सुरू केलं, "रसिक श्रोतेहो, सुरांच्या या मंगल प्रभाती..." सुंदर बोलला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बाहेर वस्तीतल्या एकाही रेडिओतून त्यातला एक शब्द ऐकू आला नाही. मग त्याने पोस्टमनच्या बासरीची फीत लावली, बटण दाबलं, हिरवा दिवा लागला आणि दोघं सैल होऊन बसले.

"पोस्टमन वाजवतो छान," बाई म्हणाल्या, "पण दुसऱ्या कडव्यात दम लागतो रे त्याला."

"लागणारच. दवाखान्यात येतो तेव्हा सांगतो ना मी, सिगरेट सोड म्हणून. हो हो म्हणतो आणि बाहेर जाऊन पेटवतो."

ही माहिती बासरीच्या सुरांसोबत घराघरांत पोचली. पोस्टमनच्या घरात तर विशेषच पोचली. त्याच्या बायकोने त्याचे खिसे तपासायला घेतले.

पुढे परिचारिकांचं समूहगीत लागलं. "ऐक, ऐक," कंपाउंडर खुर्चीवरून उडालाच, "ती डावीकडे उभी होती ना, ती कशी वर गेली बघ! आमच्या मोठ्या डॉक्टरांपेक्षा हिचा आवाज मोठा, आणि अक्कलही!" मग बेकरीवाल्याच्या माऊथऑर्गनवरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. बाईंच्या मते तो जीव ओतून वाजवत होता, कंपाउंडरच्या मते नुसती फुंकर मारत होता.

तिकडे दुकानात रेडिओ लावलेलाच होता, आता गल्ल्यावरचे तिन्ही मोबाइलही एकदम बोंबलू लागले. दादा एका हाताने गिऱ्हाइकाला टाइल दाखवत होते, दुसऱ्या हाताने फोन घेत होते. बेकरीवाला विचारत होता, फुंकर म्हणणारा तो कोण? मोठे डॉक्टर विचारत होते, अक्कल म्हणणारा तो कोण? दादा खोलीच्या दारावर धडाधड थापा मारून आले. पण गाद्या पक्क्या ठोकलेल्या, आत काय ऐकू जाणार!

शेवटच्या गाण्याच्या वेळी कंपाउंडरने हळूच विचारलं, "दादा खोली देतील का गं?"

"नाही दिली तर मला वाईट वाटणार नाही," बाई म्हणाल्या. मग थांबल्या. "छे, खोटं कशाला बोलू? खूप वाईट वाटेल. पण गाणं मला दाखवलं त्यानेच ना. आमच्याकडे कुठे होता रेडिओ! शेजारच्यांच्या खिडकीखाली मला खांद्यावर घेऊन उभा राहायचा, गाणं संपेपर्यंत हलायचा नाही. आता टाइल्स मोजताना गुणगुणतो. किती बेसूर, देवा!"

कार्यक्रम संपला. दोघांनी हसत दार उघडलं, तर समोर दादा, पोस्टमन, बेकरीवाला आणि टाइल्स विसरलेली गिऱ्हाइकं. काय झालं होतं ते चार जणांनी एकदम सांगितलं. कंपाउंडर भिंतीच्या गादीला टेकून खालीच बसला.

वायरमन गच्चीवरून धावत आला. "काय झकास केलंत रे! सगळ्या खिडक्यांतून ऐकत होतो!"

"अरे, आमचं निवेदन ऐकू आलं का तुला?" कंपाउंडरने विचारलं.

"नाही. मध्येमध्ये तुम्ही गप्पच होतात. मला वाटलं, श्रोत्यांना गाणं पचवायला वेळ देताय."

दादांचे डोळे लाल होते, पण ते रागाने नव्हे. "बेसूर काय? बघून घेतो तुला," ते बहिणीला म्हणाले आणि नाक पुसलं. "खोली तुमची. पण लोकांना आणखी एक तास हवाय. फोन थांबेनात. अस्संच बोलायचं, समजलं?"

बाईंनी आनंदाने दादांना मिठीच मारली. फोन खोलीत आले, वायरमनने दिव्यांचा अर्थ समजावून दिला, बटण दाबलं. हिरवा. माईक चालू. गाणं लागलं आणि दोघांची वाचाच बसली. सगळी वस्ती ऐकतेय हे कळल्यावर बाईंना काही सुचेना. कंपाउंडर फार तर "सुरेल आहे" एवढं पुटपुटला. गाणी येत राहिली, जात राहिली. बेकरीवाल्याचा माऊथऑर्गनही पुन्हा लागला.

शेवटी दादांना राहवेना. या वेळी दाराला कडी नव्हती, ते दार ढकलून आत शिरले. "दातखीळ बसली का आता? मघाशी तोंडाचा पट्टा बंद होत नव्हता! हा बघ, हा बेकरीवाला काय वाजवतोय! याला फुंकर म्हणतोस? पाव जळू देतो, पण सूर जळू देत नाही हा माणूस! आणि तू गं, शिकलेली ना? बोल की!"

माईक चालूच होता. खोलीतला फोन वाजला. बाईंनी उचलला, ऐकला आणि दादांकडे बघितलं.

"दादा, मोठ्या डॉक्टरांचा फोन आहे. म्हणतायत, त्या दोघांना बाहेर पाठवा आणि या ओरडणाऱ्यांना रोज बसवा."